बनगाव, १९७१ : तहानेवर चाललेला दवाखाना

२४ जून १९७१ रोजी डॉ. दिलीप महालनबिस पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या सरकारी रुग्णालयात पोहोचले, तेव्हा पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रुग्णांसाठी राखलेल्या दोन खोल्यांतली फरशी दिसत नव्हती. खाटा कधीच भरल्या होत्या, आता माणसं जमिनीवर होती. सलाईन लावायचं तर त्यांच्याच जुलाब-उलट्यांत गुडघे टेकून बसावं लागत होतं, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. पूर्व पाकिस्तानात मार्चमध्ये लष्करी कारवाई सुरू झाल्यापासून सीमेवरून लोंढे येत होते. वर्ष संपेपर्यंत निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. त्यात पावसाळा लागलेला, पिण्याचं पाणी आणि सांडपाणी एकच झालेलं, आणि छावण्यांमध्ये पटकी.

महालनबिस बालरोगतज्ज्ञ होते आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या संशोधन केंद्रात पटकीवरच काम करत होते. त्यामुळे काय करायला हवं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं : शिरेतून भराभर क्षारयुक्त पाणी. अडचण पुरवठ्याची होती. आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत त्यांच्या लक्षात आलं की ही लढाई हातची चालली आहे. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या आणि ती नीट लावू शकतील असे तुकडीत दोघंच होते.

पुढे त्यांनी काय केलं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मीठ, साखर आणि पाणी. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो ते. ही गोष्ट बहुतेक वेळा ‘स्वस्त औषधाचा विजय’ म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण मला ती शरीराच्या बाजूनं बघावीशी वाटते. त्या फरशीवर पडलेल्या माणसाच्या आत नेमकं काय चाललं होतं? शरीर आपला आतला समतोल राखण्यासाठी काय काय करत होतं, ते कुठे अडलं, आणि त्या पेलाभर पाण्यानं नेमकी कोणती अडचण दूर केली?

आत चाललेली काटकसर

पन्नास किलोच्या माणसात साधारण तीस लिटर पाणी असतं. त्यातलं वीसेक लिटर पेशींच्या आत आणि दहा बाहेर. त्या दहांपैकी रक्तवाहिन्यांत खेळणारा द्रव दोन-अडीच लिटरच. एवढ्याशा साठ्यावर सगळा संसार चालतो.

या हिशेबात आतड्याचा वाटा किती मोठा आहे, याची आपल्याला सहसा कल्पना नसते. रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात उतरतो. त्यातलं जेमतेम दोन लिटर आपण खाल्ल्याप्यायलेलं असतं, बाकी लाळ, पित्त, जठररस आणि आतड्याचा स्वतःचा पाझर. यातला जवळजवळ सगळा परत रक्तात शोषला जातो आणि बाहेर पडतो तो शंभर-दोनशे मिलिलिटर. म्हणजे निरोगी माणसाच्या पोटातही रोज बादलीभर पाण्याची देवघेव चालते, फक्त जमाखर्च जुळतो म्हणून कळत नाही.

पटकीचा जंतू हा जमाखर्च बिघडवतो, आणि तोही काही न फोडता. आतड्याचं अस्तर शाबूत असतं, पेशी जिवंत असतात, जंतू रक्तात शिरतही नाही. तो फक्त एक विष सोडतो. आतड्याच्या पेशींत द्रव पाझरवायचा की नाही हे ठरवणारं एक रासायनिक बटण असतं. ते चालू झालं की थोड्या वेळानं आपोआप बंद होतं. पटकीचं विष या बटणाला अशी एक गाठ मारतं की ते बंद होण्याची सोयच उरत नाही. मग पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या साचत जातो, क्लोराइडची दारं सताड उघडी राहतात, क्लोराइडमागोमाग सोडियम जातं आणि त्यांच्यामागे पाणी. आटे गेलेला नळ कितीही पिळला तरी वाहतच राहतो, तसं. तीव्र आजारात मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. मळ जाऊन नुसतं तांदळाच्या धुवणासारखं पाणी पडत राहतं. पाच-सहा तासांत धडधाकट माणूस आडवा होतो तो यामुळे.

हे विष आहे आणि ते आतड्यातच काम करतं, हे दाखवलं तेही कोलकात्यातच. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्याचे तुकडे बांधून घेऊन त्यांत जंतूविरहित गाळलेला द्रव सोडला आणि ते तुकडे पाण्यानं टरारून फुगले. रॉबर्ट कॉख या जर्मन जंतुशास्त्रज्ञानं १८८४ मध्ये याच शहरात जंतू ओळखला होता, पण त्याचं हत्यार सापडायला पाऊणशे वर्षं गेली. डे यांची कदर व्हायलाही बराच काळ जावा लागला, पण तो वेगळा विषय.

आता शरीराची बाजू. रक्ताचं आकारमान घटू लागलं की मानेतल्या आणि हृदयालगतच्या मोठ्या धमन्यांत बसलेली ताण मोजणारी केंद्रं मेंदूला कळवतात. हृदयाचे ठोके वाढतात. कातडीकडे आणि हातापायांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे उरलेलं रक्त हृदय आणि मेंदूसाठी राखलं जातं. मूत्रपिंडं रेनिन सोडतात, त्यातून पुढे अल्डोस्टेरॉन येतं आणि मीठ धरून ठेवा असा हुकूम सुटतो. मेंदूतून पाणी रोखणारं संप्रेरक येतं. लघवी कमी होते, मग थांबते.

रुग्णाकडे बघा आता. हात थंडगार. बोटांची टोकं धुणं धुणाऱ्या बाईच्या बोटांसारखी सुरकुतलेली. डोळे खोल गेलेले. पोटावर चिमटा काढला तर कातडीची घडी तशीच उभी. आवाज बसलेला, मनगटाला नाडी लागत नाही. आणि तरीही डोळे उघडे, बोललेलं समजतंय. बघणाऱ्याला हेच सगळ्यांत भयंकर वाटतं, कारण माणूस स्वतःचं जाणं बघत असतो. पण थंड हात, बंद लघवी आणि धडधडतं हृदय ही पटकीची करणी नव्हे. ती शरीराची काटकसर आहे. दुष्काळात घरातली बाई आधी झाडांचं पाणी तोडते, मग अंघोळीचं, मग भांड्यांचं, आणि माठातलं मात्र शेवटपर्यंत राखते. हा हिशेब शरीर क्षणाक्षणाला करत असतं. याला आपल्या पाठ्यपुस्तकांत समस्थिती म्हणतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९२६ साली होमिओस्टॅसिस हा शब्द रूढ केला. या शब्दामुळे काहीतरी शांत, स्थिर असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती अखंड ओढाताण असते आणि पटकीत ती उघड्यावर दिसते.

एक गंमत मात्र नोंदवायला हवी, कारण पुढे तिचं काम आहे. शरीरात पाण्याबाबतचे दोन पहारेकरी असतात. एक रक्ताचा दाटपणा, म्हणजे क्षारांचं प्रमाण बघतो. तो फार तिखट कानाचा : एखाद-दोन टक्क्यांचा फरक पडला तरी तहान लावतो. उन्हात घाम गेल्यावर आपल्याला तहान लागते ती याच्यामुळे, कारण घामात पाणी जास्त आणि मीठ कमी जातं, मागे उरलेलं रक्त दाट होतं. दुसरा पहारेकरी एकूण साठा बघतो. त्याचा कान जाड आहे. साठा शेकडा पाच-दहांनी घटेपर्यंत तो फारसा हलत नाही.

मोठ्या माणसाला पटकी झाली की जुलाबातलं पाणी जवळजवळ रक्ताइतकंच खारट असतं. मीठही जातं आणि पाणीही, त्याच प्रमाणात. त्यामुळे मागे उरतं ते कमी, पण चवीला तेच. पहिल्या पहारेकऱ्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही. टाकी उपसली जातेय आणि तो चव घेऊन सांगतोय, पाणी ठीक आहे. दुसरा जागा होतो तो उशिरा, पण झाला की तहान अशी लागते की माणूस पाण्याच्या भांड्यासाठी हात पसरत राहतो.

जुलाबाबरोबर आणखी एक गोष्ट जाते, बायकार्बोनेट, म्हणजे ज्याच्यापासून खाण्याचा सोडा होतो तेच. त्यामुळे रक्त आम्ल होत जातं. शरीर इथेही उपाय करतं : श्वास खोल आणि जलद होतो, जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून आम्लता उतरवण्यासाठी. ओकारी येते तीही बऱ्याच अंशी या आम्लतेनं. पोटॅशियमही जातं, पायांत गोळे येतात.

म्हणजे यंत्रणेत कुठे बिघाड नाही. पहारेकरी, निरोपे, झडपा, सगळं आपापल्या जागी चोख आहे. अडतं ते इथे की मूत्रपिंड लघवी शून्यावर आणू शकतं, पण मीठ तयार करू शकत नाही.

साधं पाणी का पुरत नाही

तहानलेल्या माणसाला पाणी पाजावं, यात काय मोठं शास्त्र? खरं तर शेकडो वर्षं लोकांनी हे करून पाहिलं आणि उपयोग झाला नाही. उलट अनुभव असा की पाजलं की आणखी होतात, म्हणून जुलाबात पाणी तोडण्याची पद्धत पडली. आपल्याकडेही ‘आता काही देऊ नका पोटात’ असं सांगणारी वडीलधारी माणसं असायची. ती मूर्ख नव्हती, जे दिसायचं तेच सांगत होती.

आतड्यातून पाणी स्वतःहून आत जात नाही. ते मिठाच्या मागे जातं. आणि मीठ आत घेण्याचा नेहमीचा एक मोठा मार्ग पटकीच्या विषानं अडवलेला असतो. त्यामुळे नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ-पाणी पाजलं तर ते बहुतांशी खालून निघून जातं.

शिरेतून द्यायची युक्ती जुनी आहे. १८३१ साली विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरनं इंग्लंडमधल्या पटकीच्या रुग्णांचं रक्त तपासून सांगितलं की यातलं पाणी आणि क्षार गेले आहेत. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या लीथमध्ये थॉमस लाटा यांनी मरणोन्मुख रुग्णांच्या शिरांत क्षारपाणी सोडून काहींना उठवून बसवलं. (ओशॉनेसी पुढे कंपनीच्या नोकरीत कोलकात्याला आले आणि हिंदुस्थानात तारयंत्र आणण्यात त्यांचा हात होता. त्या काळातल्या माणसांचा एका जन्मातला आवाका बघून थक्क व्हायला होतं.) लिओनार्ड रॉजर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात ही पद्धत सुधारली. पण सुई, निर्जंतुक बाटल्या आणि शिकलेला माणूस, या तिन्हींशिवाय ती निरुपयोगी. १९७१ च्या बनगावात नेमकं हेच तिन्ही पुरेसं नव्हतं.

तोंडातून देण्याचा रस्ता सापडला तो पटकीचा विचारही न करणाऱ्या प्रयोगशाळेत. रॉबर्ट क्रेन हे साखर आतड्यातून रक्तात कशी जाते याचा शोध घेत होते. १९६० च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या परिषदेत त्यांनी मांडलं की साखर एकटी जात नाही, सोडियमचा हात धरून जाते. आतड्याच्या पेशीवर एक जोड-दार असतं. ग्लुकोजचा एक कण आणि सोडियमचे दोन कण एकत्र आले की ते त्यांना आत घेतं. आणि सोडियम गेलं की पाठोपाठ पाणी. पटकीचं विष या दाराला हात लावत नाही. पाझराचा नळ फुटलेला असतानाही शेजारचं हे दार व्यवस्थित उघडझाप करत असतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण घरोघरी गैरसमज इथेच होतो. या पाण्यानं जुलाब थांबत नाहीत. नळ वाहतोच. फक्त या दारानं जेवढं आत येतं ते बाहेर जाण्यापेक्षा जास्त असलं की माणूस तगतो. पहिल्या दिवशी बादली तेवढीच भरते, कधी थोडी जास्तच. बघणाऱ्याला वाटतं, गुण येत नाहीये.

ही माहिती हाती असूनही रस्ता सरळ नव्हता. रॉबर्ट फिलिप्स या अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरांना ग्लुकोज-मीठ-पाणी शोषलं जातं हे दिसलं होतं, पण १९६२ साली मनिलात मोठ्या प्रमाणावर वापरताना द्रावण फार दाट झालं आणि रुग्ण दगावले. दाट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढून घेतं. त्यानंतर काही वर्षं या वाटेला जायला कुणी धजलं नाही. १९६८ मध्ये ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी जेवढं जातंय तेवढं मोजून पाजायचं हे सूत्र धरलं आणि सलाईनची गरज शेकडा ऐंशीनं घटवून दाखवली. कोलकात्यात नॅथॅनियल पीअर्स यांच्या गटाचंही काम त्याच सुमारास चालू होतं. तरी डॉक्टरमंडळींचा विश्वास बसेना. पटकीसारख्या आजारात पेल्यातून औषध? ते काम सुईचं, अशी समजूत पक्की होती.

वाचनालयातली पुडी

बनगावात महालनबिस यांच्याकडे दुसरा पर्याय उरला नव्हता, आणि मला वाटतं पर्याय नसणं हेच त्यांच्या पथ्यावर पडलं. कोलकात्याच्या केंद्रातल्या वाचनालयाच्या खोलीत पुड्या भरायला सुरुवात झाली. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम साधं मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीनं चिकटवायची. चार लिटरची आणि सोळा लिटरची अशा पिशव्या करून सीमेवर पाठवायच्या. खर्च लिटरला ११ पैसे.

या आकड्यांकडे नीट बघितलं तर विचार दिसतो. लिटरला ९० मिलिमोल सोडियम आणि १११ मिलिमोल ग्लुकोज (मिलिमोल हे वजनाचं नव्हे, कणांच्या संख्येचं माप). म्हणजे जोड-दाराला दोन्ही हातांना पुरेल असं आणि तरीही एकूण दाटपणा रक्ताच्या आसपासच. मनिलाची चूक टाळलेली. सोडा आहे तो आम्लतेसाठी. पोटॅशियम मात्र नाही. ते पाहिजे होतं, हे महालनबिस यांना ठाऊक होतं. पण बाजारात सहज मिळतील अशा तीनच वस्तू ठेवल्या तर पुडी बांधणं आणि समजावणं दोन्ही सोपं होतं. हा निर्णय मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत धाडसी वाटतो. जाणकार माणसाला बरोबर सूत्र माहीत असताना मुद्दाम अपुरं सूत्र निवडणं अवघड असतं.

छावणीत पिंपं ठेवली गेली, खाली तोटी. पिशवी पिंपात ओतायची, पाणी घालायचं. नातेवाईक आपापले पेले, मग, वाट्या घेऊन येत आणि रुग्णाला पाजत. आई मुलाला, बायको नवऱ्याला. कर्मचाऱ्यांना सुरुवातीला हे दुय्यम उपचार वाटत होते, म्हणून त्याला नाव दिलं गेलं ‘ओरल सलाईन’. सलाईन या शब्दाला वजन होतं. आपल्याकडच्या दवाखान्यात ‘एक सलाईन लावा ना डॉक्टर’ म्हणणारे पेशंट ज्यांनी बघितलेत, त्यांना या युक्तीचं मोल वेगळं सांगायला नको.

अगदी कोसळलेल्या, नाडी न लागणाऱ्या रुग्णाला आधी शिरेतून द्यावंच लागे. पिता येईल इतपत तो सावरला की पेला. असं केल्यानं सलाईनचा तुटपुंजा साठा ज्यांना त्याच्याशिवाय गत्यंतर नाही अशांपुरता राखता आला.

मोजत कोण होतं?

ढाक्याच्या संशोधन-कक्षात आणि बनगावात मूलभूत फरक हा होता. ढाक्यात रुग्ण मधोमध भोक पाडलेल्या खाटेवर झोपवला जाई, खाली बादली, बादलीवर मापं. दर काही तासांनी किती गेलं ते वाचायचं आणि तेवढं पाजायचं. नोंदवही, परिचारिका, प्रयोगशाळा, सगळं हाताशी. बनगावात बादल्यासुद्धा पुरेशा नव्हत्या. शेकडो रुग्णांपैकी कुणाचं किती गेलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. कागदावर बघितलं तर हे फसायला हवं होतं.

ते फसलं नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण असं की मोजमाप रुग्णाच्या आत चालू होतं. तो जाड कानाचा दुसरा पहारेकरी आता पूर्ण जागा होता. पटकी झालेल्या मोठ्या माणसाची तहान अनावर असते, पेला पुढे आला की तो रिकामा करतो. आजवर या तहानेचा उपयोग नव्हता, कारण जे पोटात जाई ते आत शिरत नसे. आता ते शिरू लागलं. तहान हे जणू अचूक मापन करणारं, पण सामानाविना बेकार बसलेलं यंत्र होतं. पिंपानं त्याला सामान पुरवलं.

मग घटना एकापाठोपाठ एक उलट्या क्रमानं घडतात. साठा वाढतो, नाडी मनगटाला लागते. कातडीच्या वाहिन्या सैलावतात, हात ऊबदार होतात. सोड्यानं आम्लता उतरते, ओकाऱ्या कमी होतात, म्हणून पुढचा पेला पोटात टिकतो. (सुरुवातीला ओकारी आली तरी थोडं थोडं, घोट घोट पाजत राहायचं असतं ते याचसाठी.) आणि मग लघवी होते. पटकीच्या कक्षात विचारण्याजोगा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच : लघवी झाली का? कारण मूत्रपिंड पुन्हा सुरू झालं म्हणजे बारीक हिशेब करणारा मुनीम गादीवर परत बसला. पाजलेल्यात मीठ थोडं जास्त झालं तर तो बाहेर टाकेल, कमी झालं तर राखून ठेवील. पुडी भरताना चिमूटभर इकडेतिकडे झालं, पिंपात पाणी तांब्याभर जास्त पडलं, तरी चालून जातं ते त्याच्या भरवशावर. साठा पुरेसा झाला की तहान विझते आणि रुग्ण स्वतःहून पेला बाजूला सारतो.

रोगाचा बंदोबस्तही शरीरच करतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तशाही तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. गाठ मारलेलं ते बटण पेशीबरोबरच निघून जातं. तोवर माणूस भरलेला ठेवायचा, एवढंच काम. प्रतिजैविकं दिली तर ही मुदत कमी होते, पण जीव वाचतो तो पाण्यानं.

सुमारे आठ आठवड्यांत तिथे ३,७०० च्या आसपास रुग्णांवर उपचार झाले. मृत्यूचं प्रमाण शेकडा ३.६ राहिलं. त्याआधी छावण्यांमध्ये ते वीस-तीसच्या घरात सांगितलं जात होतं. ही नियंत्रित चाचणी नव्हती. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, रुग्णांचे वजनाचे तक्ते नव्हते, कोण किती कोसळलेला होता याची बारीक नोंद नव्हती. त्यामुळे वैद्यकीय नियतकालिकांनी आधी हात आखडता घेतला याचं मला फारसं नवल वाटत नाही. अहवाल शेवटी १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. पण ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांना पुरावा पुरेसा होता. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ छावणीत येऊन गेले आणि पुढे या पद्धतीचे खंदे समर्थक झाले. मिश्रण कसं करायचं याची पत्रकं सीमेवर वाटली गेली, बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही ती कृती सांगितली गेली.

तहान जिथे पुरत नाही

तहानेवर एवढा भरवसा टाकण्याला मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणं बेजबाबदारपणाचं होईल. तान्ह्या मुलाला तहान लागते, पण ते मागू शकत नाही. त्याचं रडणं कशासाठी हे आईला ओळखावं लागतं, आणि सुस्तावलेलं मूल तर रडतही नाही. म्हाताऱ्या माणसांत तहानेचा पहारेकरी बोथट झालेला असतो. गुंगीतल्या माणसाला तोंडानं पाजणं धोक्याचं. आणि काहींचा नळ इतका जोरात वाहतो की जोड-दार पूर्ण उघडं असूनही मागे पडतं. या सगळ्यांना सुई लागतेच.

दुसरी अडचण सूत्रातली. पटकीत मोठ्या माणसाच्या जुलाबात मीठ भरपूर जातं, म्हणून ९० मिलिमोल सोडियम ठीक. पण लहान मुलांचे बहुतेक जुलाब पटकीचे नसतात. त्यात मीठ कमी जातं. तेच द्रावण त्यांना जरा खारट आणि दाट पडायचं. पोटॅशियम तर जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या सूत्रात सुरुवातीच्या काळातच घातलं होतं. २००२ मध्ये सूत्र पातळ केलं गेलं : सोडियम ७५, ग्लुकोज ७५, एकूण दाटपणा ३११ वरून २४५. आज अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मिळणारी पुडी ही या सूत्राची, सोबत मुलांना चौदा दिवस झिंकच्या गोळ्या. लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, बस. दुकानातल्या थंड पेयात लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते. जुलाब झालेल्या मुलाला ते पाजणं म्हणजे मनिलाची चूक घरी करणं.

महाराष्ट्राला पटकी नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत ती पुन्हा पुन्हा उद्भवे, आणि गावोगावच्या वेशीवरच्या मरीआईची भीती त्या आठवणीतूनच आलेली आहे. आणि तरीही उपायाच्या फार जवळ आपण होतो. कोकणात नि गोव्यात आजाऱ्याला मीठ घातलेली पेज देतात. भाताचा स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोज सोडतो, म्हणजे जोड-दाराला लागणारी दोन्ही माणसं पेजेत आहेत. पुढे तांदळाच्या पिठाची द्रावणं पटकीत तपासली गेली आणि ती उत्तम चालतात असं दिसलं. कमी पडायचं ते प्रमाणात. बरं वाटावं म्हणून दिलेली वाटीभर पेज आणि गेलेल्या लिटरांची भरपाई, यात फार अंतर आहे.

ते अंतर कसं कापायचं हे बांगलादेशनं नंतर दाखवलं. ब्रॅक या संस्थेच्या बायका १९८० च्या दशकात घरोघरी गेल्या, सव्वा कोटीच्या आसपास घरांत. पुडी नाही, काटा नाही. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. त्याचं नाव ‘लोबोन-गुर’, मीठ-गूळ. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला तिनं किती घरं केली यावर नव्हे, तर नंतर तपासणीला गेल्यावर आईला किती आठवतंय आणि करून दाखवता येतंय, यावर ठरे.

चिमटी मोठीछोटी होते, गुळाची मूठ कुणाची कशी. म्हणून आणखी एक खूण आरोग्यसेविका जगभर शिकवतात, आपल्याकडेही. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ घातलं की बाळाला पाजण्याआधी आईनं स्वतः एक घोट घ्यायचा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि पुन्हा करायचं.